मावा की पिठ्या? आधी ओळखा, मग औषधाला हात लावा



ग्रामसंघाची बैठक संपत आली, बचतीची वही मिटली, हप्ते लिहून झाले, की कोणीतरी पिशवीतून हळूच एक पान काढते. "बघा गं, माझ्या चवळीवर काय पडलंय." लगेच दुसरी म्हणते, "माझ्या जास्वंदीवर पण तोच रोग आलाय, सगळं चिकट चिकट." तिसरीकडे उपाय तयारच असतो. दिराने भातासाठी आणलेल्या औषधाची अर्धी बाटली घरात पडून आहे, ती दोघींनी वाटून घ्यावी, म्हणजे काम झाले.

ती बाटली आज बाजूला राहू द्या. चवळीवर आलेला आणि जास्वंदीवर आलेला हा एकच रोग नाही, आणि खरे म्हणजे तो रोगही नाही. त्या दोन वेगळ्या किडी आहेत. एक मावा, दुसरा पिठ्या ढेकूण, ज्याला नर्सरीवाले मिलीबग म्हणतात. दोन्ही झाडाचा रस पितात, दोन्हींमुळे पाने चिकट होतात, दोन्हींच्या मागे मुंग्यांची रांग लागते. म्हणून आपली फसगत होते. पण एकीवर जो उपाय एका सकाळीत काम करतो, तो दुसरीवर महिनाभर केला तरी ती हटत नाही. एकीसाठी धावपळ करावी लागते, दुसरीसाठी चिकाटी. आणि आपल्या परसबागेतली भाजी आधी आपल्याच पोरांच्या ताटात जाते, मग उरलेली बेलापूर, खारघर, पनवेल स्टेशनबाहेर विकायला. चुकीचे औषध मारले तर पैसे जातात ते जातातच, वर विष घरात येते.

मावा कसा दिसतो

भात कापून झाला की उरलेल्या ओलीवर आपण वाल टाकतो, चवळी टाकतो. थंडी पडते, मधेच दोन दिवस ढगाळ जातात, आणि वालाच्या कोवळ्या शेंड्यावर, फुलाच्या दांड्यावर काळे तीळ चिकटल्यासारखे दिसू लागतात. पोपटीचे मडके लावायचे दिवस जवळ आलेले असतात आणि शेंगा मात्र वाकड्या. हा मावा. वाल-चवळीवर तो काळा असतो, मिरची-वांग्यावर हिरवट किंवा पिवळसर. आकार मोहरीएवढा किंवा त्याहून लहान, अंग मऊ, पोट फुगीर. भिंग असेल तर बघा, मागच्या बाजूला दोन बारीक नळ्या बाहेर आलेल्या दिसतील. ही माव्याची पक्की खूण. अंगावर पीठ नसते. बोट लावले की चिरडतो.

आता तो एवढ्या लवकर वाढतो कसा ते ऐका. आपल्या हवेत माव्याच्या मादीला नराची गरजच पडत नाही. ती अंडी घालत बसत नाही, थेट जिवंत पिल्ले देते, आणि जन्माला येणाऱ्या लेकीच्या पोटात पुढच्या लेकीची तयारी आधीच सुरू झालेली असते. आठ-दहा दिवसांत ती लेक स्वतः आई होते. एक मादी तिच्या थोड्या आठवड्यांच्या आयुष्यात पन्नास ते शंभर पिल्ले देऊ शकते. तुम्ही सोमवारी शेंड्यावर चार ठिपके पाहिले आणि "बघू पुढच्या सोमवारी" म्हणालात, तर पुढच्या सोमवारी शेंडा दिसणार नाही, नुसता मावा दिसेल. गर्दी झाली, झाड निबर झाले, की पुढच्या पिल्लांना पंख फुटतात आणि ती शेजारणीच्या मांडवावर जातात.

मावा असा झटपट येतो, पण तो नाजूकही आहे. जोराचा पाऊस पडला तर धुऊन जातो.

पिठ्या कसा दिसतो

पिठ्या म्हणजे नावाप्रमाणेच पीठ लावलेला. अंग तीन-चार मिलिमीटरचे, लांबट गोल, वर पांढऱ्या मेणाचा थर, कडेने मेणाचे बारीक तंतू. हे पीठ काडीने पुसले तर खाली जास्वंदीवर बहुधा गुलाबी अंग दिसते, पपईवर पिवळसर. शेजारी कापसाचे बोंडसे दिसले तर ती अंड्यांची पिशवी. एका पिशवीत शेकडो अंडी असतात. मादीला आयुष्यभर पंख नसतात. नर इवलासा, पंख असलेला, थोडे दिवस जगणारा, तो आपल्याला सहसा दिसतही नाही.

हा बसतो कुठे, तर जिथे आपली नजर जात नाही तिथे. पान आणि फांदीच्या बेचक्यात, सीताफळाच्या खवल्यांमध्ये, पेरूच्या देठाशी, साल सुटलेल्या जागी, आणि कुंडीत असेल तर कधीकधी मुळांवर. जास्वंदीचा शेंडा मुठीसारखा आवळलेला, पाने चुरगळलेली, कळ्या न उमलताच गळतात, तर तो शेंडा उलगडून बघा. आत पीठ सापडेल.

पिठ्याची एक पिढी व्हायला साधारण महिना लागतो, म्हणजे माव्याच्या मानाने बराच वेळ. त्याला ऊन आणि कोरडी हवा मानवते. फेब्रुवारीपासून पाऊस येईपर्यंत त्याचे राज्य. हळू वाढतो म्हणून आपण दुर्लक्ष करतो, पण गेल्या दहा-पंधरा वर्षांत मुंबईच्या रस्त्यांवरचे कितीतरी मोठे पर्जन्यवृक्ष वाळले, त्यांच्या फांद्यांवर हाच पिठ्या दिसला होता. बुंध्याभोवतीच्या काँक्रीटने झाडे आधीच अशक्त झाली होती, असेही जाणकारांनी तेव्हा सांगितले. दोन्ही गोष्टी खऱ्या असाव्यात. अशक्त झाडावर पिठ्या जास्त जोर करतो, हे आपण कुंडीतसुद्धा पाहतो.

आणि चिकटपणा कशाचा? झाडाच्या अन्नरसात साखर भरपूर असते, अंग भरणारे सत्त्व मात्र थोडे. उसाच्या रसावरच जगायचे ठरवले तर माणसाला किती रस प्यावा लागेल? तसेच या किडींचे. त्या भरमसाट रस पितात, लागते तेवढे सत्त्व ठेवतात आणि जादा साखर मागून थेंबाथेंबाने टाकतात. तो गोड थेंब खालच्या पानावर पडतो, त्यावर काजळीसारखी काळी बुरशी वाढते. पान काळे झाले म्हणून बुरशीचे औषध मारणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. काजळी ओल्या फडक्याने पुसून निघते. पानाच्या वर काजळी दिसली तर त्याच्या वरच्या पानाची खालची बाजू बघा, कारण कीड तिथे असते.

एकच पपई, दोन दुखणी

दोघांतला फरक कुठे सर्वात महाग पडतो, ते पपईच्या झाडावर कळते. म्हणून यावर जरा थांबते.

पपईच्या खोडावर, फळाच्या देठाशी, पानाखाली पांढरा कापूस दिसला तर तो पिठ्या. ही पपईवरची पिठ्याची जात आपल्याकडची नाही. ती मूळ मेक्सिको आणि मध्य अमेरिकेची. भारतात ती २००८ मध्ये तामिळनाडूत कोइमतूरला पहिल्यांदा सापडली, आणि दोनेक वर्षांत महाराष्ट्रातही पोचली. पपई, तुती, टॅपिओका, जास्वंद, दिसेल त्यावर बसली. शेतकऱ्यांनी औषधांवर औषधे मारली, पण ती आटोक्यात येईना. मग २०१० मध्ये बंगळुरूच्या केंद्रीय कीटक संस्थेने (आज तिचे नाव राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरो) पोर्टो रिको बेटावरून तीन जातींच्या इवल्या गांधीलमाश्या आणल्या. मुंगीपेक्षाही लहान, माणसाला न चावणाऱ्या. त्या पिठ्याच्या अंगात अंडे घालतात आणि त्यांचे पिल्लू पिठ्याला आतून खाते. सोडल्यापासून वर्षभरात बहुतेक ठिकाणी पिठ्या आटोक्यात आला. म्हणजे पपईवर कापूस दिसला म्हणून झाड तोडायची गरज नसते. ते झाड वाचू शकते.

आता दुसरे चित्र. पपईवर कीड काहीच दिसत नाही. पण कोवळी पाने पिवळी-हिरवी चट्ट्यापट्ट्यांची, पुढे तर पान आखडून दोरीसारखे, खोडावर आणि पानाच्या देठावर तेलकट हिरव्या रेषा, फळावर गोल गोल वलये. हा रिंगस्पॉट नावाचा विषाणू, आणि तो आणून सोडला माव्याने. गंमत अशी की मावा पपईवर घर करतच नाही. उडता उडता बसतो, चव बघायला सुईसारखी सोंड टोचतो, आवडले नाही म्हणून निघून जातो. त्या काही सेकंदांत विषाणू झाडात गेला. तुम्ही भिंग घेऊन शोधलात तरी चोर सापडणार नाही, तो केव्हाच पसार झालेला असतो. या झाडावर कितीही औषध मारा, विषाणू जात नाही. फळ लागलेले असले तरी जीव घट्ट करून झाड उपटायचे आणि जाळायचे किंवा खोल पुरायचे, नाहीतर पुढचा मावा इथून विषाणू उचलून शेजारणीच्या पपईला टोचेल.

म्हणजे पांढऱ्या कापसाने भरलेले, बघायला किळसवाणे झाड ठेवायचे, आणि कीड नसलेले, वरून स्वच्छ दिसणारे झाड काढायचे. आपण नेमके उलटे करतो.

आणखी एक. हा विषाणू काकडी, भोपळा, शिराळी, घोसाळी यांतही राहू शकतो. आपल्या घरांकडे तर पपईला टेकूनच शिराळ्याचा मांडव असतो, सांडपाणी दोघांनाही मिळते म्हणून. शक्य असेल तर पपई दुसऱ्या बाजूला लावा. आणि पपईच्या भोवती मक्याची दाट ओळ लावली तर उडत येणारा मावा आधी मक्याला सोंड टोचतो आणि विषाणू तिथेच पुसला जातो. मका त्याने आजारी पडत नाही. कणसे पोरांना होतात, ते वेगळे.

मुंग्या कोणाच्या बाजूने

मुंगी झाड खात नाही. ती त्या गोड थेंबांसाठी येते, आणि गाय पाळावी तशी या किडी पाळते. माव्याला, पिठ्याला खायला येणाऱ्या मित्रकिडींना हाकलते, पिठ्याच्या पिल्लांना वाहतुकीलाही मदत होते. झाडावर मुंग्यांची एकसारखी वर-खाली रांग दिसली की समजा वर कुठेतरी दुभती जनावरे आहेत. मुंगी अडवली तर निम्मे काम मित्रकिडीच करतात.

पूर्वी आपल्या घरात दुधा-तुपाचे जाळीचे कपाट असायचे, त्याचे पाय पाण्याच्या वाटीत ठेवलेले असायचे, आठवते? कुंड्यांच्या मांडणीला तेच करा. फक्त त्या पाण्यात थोडे साबणाचे पाणी घाला आणि दर तीन-चार दिवसांनी बदला, नाहीतर मुंगी अडेल आणि डेंग्यूचा डास वाढेल. पेरू, सीताफळाच्या बुंध्याला गुडघ्याएवढ्या उंचीवर जुन्या कापडाची पट्टी बांधून वर ग्रीस लावा. ग्रीस थेट सालीला लावू नका. जमिनीला टेकलेल्या फांद्या छाटा, नाहीतर मुंगी पट्टी सोडून तिकडून चढते.

पिठासारखा दिसतो, पण पिठ्या नाही

हे लिहिताना मला माझीच लाज वाटते. तीन वर्षांपूर्वी जास्वंदीवर पिठ्या पडला होता. मी जुना टूथब्रश घेऊन बसले आणि दिसेल ते पांढरे चिरडत गेले. त्यात काही जरा मोठे, झिपऱ्या झिपऱ्या असलेले पांढरे किडे होते. ते पळत होते, म्हणून मी त्यांना आधी मारले. "हा पिठ्याचा बाप दिसतो," असे शेजारणीला सांगितलेही. पुढे प्रशिक्षणात चित्र पाहिले तेव्हा कळले की ती पिठ्याला खाणाऱ्या भुंगेऱ्याची पिल्ले होती. फुकट आलेले मजूर मी स्वतःच्या हाताने मारले होते.

या भुंगेऱ्याचे नाव क्रिप्टोलिमस. हा मूळचा ऑस्ट्रेलियाचा, १८९८ मध्ये कॉफीच्या मळ्यांसाठी भारतात आणला, आणि आता इथलाच झाला आहे. मोठा भुंगेरा काळपट तपकिरी, डोके आणि शेपटाकडची बाजू नारिंगी, आकार मसुराच्या डाळीएवढा. त्याचे पिल्लू मात्र पिठ्याचे सोंग घेते, मेणाची पांढरी झिपरी पांघरते, आणि त्यामुळे मुंगीही फसते. ओळखायचे कसे? काडीने हलकेच ढोसा. पिठ्या जागचा जेमतेम हलतो. हे पिल्लू लगबगीने चालायला लागते. शिवाय त्याच्या झिपऱ्या लांब आणि विस्कटलेल्या असतात, आणि वाढलेले पिल्लू पिठ्याच्या दुप्पट-तिप्पट लांब असते. ते दिसले की त्या फांदीला हात लावू नका, औषध तर नकोच.

माव्याचेही शत्रू आहेत. लाल पाठीवर काळे ठिपके असलेला ढालकिडा आपण लहानपणी तळहातावर घेऊन खेळलो आहोत, त्याचे पिल्लू मात्र पुष्कळजणी ओळखत नाहीत. ते मगरीच्या पिल्लासारखे लांबट, काळपट, अंगावर नारिंगी ठिपके. दिसायला वाईट म्हणून मारले जाते, आणि मावा खायला मात्र आईबापांइतकेच वाघ. तसेच मावा मध्येच फुगून, वाळून, मातकट रंगाचा झालेला दिसला तर तो आतून खाल्ला गेला आहे, त्यातून गांधीलमाशीच बाहेर पडणार. अशी पाने तोडू नका.

पनवेल, उलव्याकडच्या सख्यांसाठी एक जास्तीची सूचना. खडीच्या गाड्या, बांधकाम, रस्ते यांची धूळ आपल्या पानांवर थराने बसते. त्या धुळीत या इवल्या गांधीलमाश्यांना पानावर फिरून शिकार शोधणे जड जाते. रस्त्याकडेची झाडे आठवड्यातून एकदा पाण्याने धुतली तरी फरक पडतो.

आता उपाय

माव्यावर: सकाळी पाहिले की त्याच सकाळी करायचे. भरलेले शेंडे खुडून साबणाच्या पाण्याच्या बादलीत टाका. बाकीच्या झाडावर पाइपचे तोंड अंगठ्याने दाबून पानाच्या खालून जोराची धार मारा. खाली पडलेला मावा सहसा परत चढू शकत नाही, रस पिताना ओढले गेले की त्याची सोंड दुखावते. तीन दिवस ओळीने एवढे केले तर छोट्या परसबागेत पुष्कळदा आणखी काही लागत नाही. युरियाचा हात आवरा. जादा युरियाने झाड लुसलुशीत होते, मावा अशाच झाडाची वाट बघतो.

धारेने भागले नाही तर निंबोळी अर्क. ५० ग्रॅम वाळलेल्या निंबोळ्या कुटायच्या, फडक्यात पुरचुंडी बांधून थोड्या पाण्यात रात्रभर भिजवायच्या, सकाळी चांगल्या पिळायच्या, गाळून एकूण पाणी एक लिटर करायचे, चिमूटभर साबण टाकायचा. त्याच दिवशी संध्याकाळी वापरायचा, साठवायचा नाही. आपल्या कोकणपट्टीत कडुनिंब कमी, म्हणून जून-जुलैत घाटावरच्या माहेरी गेलात तर निंबोळ्या गोळा करून, सावलीत वाळवून आणा. विकतचे निमतेल घेतलेत तर बाटलीवर लिहिले आहे तेवढेच घ्या, "थोडं जास्त" नको.

पिठ्यावर: धारेने काही पिठ्या पडेल, पण अंड्यांची पिशवी तशीच राहील. औषधाचे पाणी मेणावरून घसरते, अळूच्या पानावरून घसरते तसे. म्हणून इथे हाताचे काम जास्त. खूप भरलेली फांदी कापा, कापण्याआधी तिच्यावर पिशवी चढवा, म्हणजे पिल्ले खाली सांडत नाहीत. ती फांदी उकिरड्यावर टाकायची नाही, जाळायची. उरलेल्या बेचक्या जुन्या टूथब्रशने साबणाच्या पाण्यात घासायच्या. साबण लिटरला ५ ग्रॅम, म्हणजे चमचाभर किसलेला, साधा अंगाचा. कपड्याची पावडर वापरू नका, पाने करपतात. आधी दोन पानांवर लावून एक दिवस थांबा, काकडीसारख्या नाजूक पानांवर तर नक्कीच. दोन-चार कुंड्याच असतील तर दवाखान्यातले स्पिरिट कापसाच्या बोळ्याला लावून पिठ्यावर टेकवले तरी मेण विरघळते. स्पिरिट चुलीजवळ न्यायचे नाही, हे सांगायला नकोच.

मग थांबायचे नाही. अंड्यातून आठ-दहा दिवसांत पिल्ले निघतात आणि नुकत्या निघालेल्या पिल्लांच्या अंगावर मेण नसते. तीच एक वेळ अशी असते की निंबोळी अर्क, साबणाचे पाणी त्यांना खरेच लागते. म्हणून दर आठ दिवसांनी, निदान चार वेळा. कॅलेंडरवर खूण करा. दुसऱ्या वेळेनंतर झाड स्वच्छ दिसते आणि सगळ्याजणी सोडून देतात, दीड महिन्याने मग तेच. व्हर्टिसिलियम नावाची मित्रबुरशी कृषी केंद्रात मिळते, लिटरला ५ ग्रॅम, संध्याकाळी फवारायची. तिला दमट हवा लागते, ती आपल्याकडे भरपूर. तिच्याबरोबर बुरशीनाशक मिसळू नका, ती स्वतःच बुरशी आहे. आणि बांधावरचे गाजरगवत काढा, फुलावर येण्याआधी. पिठ्या उन्हाळ्यात तिथे मुक्काम करतो.

रासायनिक औषधाबद्दल एवढेच, की भाजीवर ते शेवटचे, आणि कृषी सहायकांना विचारून. डब्यावरचा रंगीत त्रिकोण बघा. लाल म्हणजे सर्वात जहाल, तो डबा परसबागेत आणूच नका. फवारणीनंतर किती दिवस तोडणी करायची नाही ते डब्यावर लिहिलेले असते. चवळी एक दिवसाआड तोडावी लागते, मग ते दिवस पाळणार कसे? शिवाय जहाल औषधाने ढालकिडे आधी मरतात, पिशवीतल्या अंड्यांना काही होत नाही, आणि पुढच्या पिढीला खाणारे कोणी उरलेले नसते.

विकायच्या कुंड्यांसाठी

नवी मुंबईतल्या सोसायट्यांमध्ये प्रदर्शन लागले की आपल्या काही गटांच्या जास्वंदी, मोगरा, तुळशीच्या कुंड्या चांगल्या विकल्या जातात. आमच्या गटाने एका वर्षी माल कमी पडला म्हणून बाहेरच्या एका नर्सरीतून जास्वंदीची पंचवीस रोपे आणली आणि उतरवली ती थेट आपल्या रोपांच्या मधोमध. पिठ्या त्यांच्याबरोबर आला होता. दीड महिन्यात आमच्या घरच्या रोपांवरही तो दिसला, विकलेल्या काही कुंड्या बायकांनी परत आणून दिल्या, आणि पैसे देताना सगळ्यांची तोंडे उतरली.

मावा पंखाने उडून येतो, त्याला फार अडवता येत नाही. पिठ्या मात्र बहुधा कोणावर तरी बसून येतो: नवीन रोपावर, कलमाच्या काडीवर, कात्रीवर, मुंगीच्या मदतीने, वाऱ्याने, आपल्या कपड्यांवर. म्हणून त्याच्यासाठी दार लावता येते. बाहेरून आलेले रोप तीन आठवडे वेगळे ठेवा, आपल्या रोपांपासून निदान दहा पावले लांब. त्या काळात अंडी असतील तर फुटतील आणि पिठ्या दिसेल. कुंडीच्या खालच्या भोकातून डोकावून बघा, मुळांशी पांढरा कापूस आहे का. छाटणीची कात्री एका झाडावरून दुसऱ्यावर नेताना स्पिरिटने किंवा साबणाने पुसा. आणि पाणी घालताना आधी निरोगी कुंड्या, शेवटी पिठ्या पडलेल्या.

किडीची खात्री होत नसेल तर गावातल्या कृषी सखीला दाखवा, किंवा तालुक्याच्या कृषी कार्यालयात, किंवा रोह्याजवळच्या किल्ला गावातल्या कृषी विज्ञान केंद्रात. पुढच्या बैठकीला येताना तुमची पाने जरूर आणा, आपण भिंगाखाली बघू. पण उघडे पान पदराखाली धरून आणू नका. पिठ्याची रांगती पिल्ले डोळ्यांना दिसत नाहीत, ती तुमच्या पदरावरून दुसरीच्या पदरावर आणि तिथून तिच्या पेरूवर जातील. पान प्लास्टिकच्या पिशवीत घाला, तोंडाला गाठ मारा, आणि कागदाच्या चिठोऱ्यावर तीन गोष्टी लिहून आणा: झाड कोणते, पहिल्यांदा कधी दिसले, आणि मुंग्या होत्या की नाही.